आईच्या मागची खोली

आई हा कुटुंबाचा आवाज असतो. म्हणूनच व्हिडिओ कॉल सुरू होताच बेबीने सगळ्यात आधी आईचा आवाज बंद केला.

त्यात दुष्टपणा काही नव्हता. बेबी एका मोठ्या कंपनीत कर्मचाऱ्यांना आनंदी ठेवण्याच्या खात्यात होती, आणि कॉलवरच्या अशा पार्ट्या हा तिचा हातखंडा. रविवारची घरची पार्टीही तिनेच सुरू केली होती. अडचण आईची. ती आधी सगळ्यांच्या तब्येती विचारायची, मग स्वतःची सांगायची, आणि खेळ राहायचा बाजूला. आजही तिने "अरे ऐका, मला आधी एक सांगायचंय" अशी सुरुवात केलीच होती.

"शेवटी सांग हं," म्हणत बेबीने बटण दाबलं.

शेवट खरं तर वेगळ्याच कामासाठी राखून ठेवला होता. आईने आता एकटं राहू नये, घर विकून टाकावं, यावर दादा आणि बेबी या भावंडांचं एकमत होतं. फक्त हे तिला सांगायचं कोणी, यावर नव्हतं. "आधी हसवू, मग विषय काढू," असं बेबी म्हणाली. दादाला ते लगेच पटलं. तो विमा विकायचा.

खेळ सोपा होता. एकेकाने कॅमेरा बंद करून खोलीतली एक वस्तू हलवायची, मग काय नाहीसं झालं ते इतरांनी ओळखायचं. दादाने फुलदाणी लपवली, वहिनीने उशी. बेबीच्या नवऱ्याने स्वतःचा चष्मा लपवला आणि पुढचा सगळा वेळ तो शोधत बसला.

आईला कॅमेरा बंद करता यायचा नाही, ती त्यावर रुमाल टाकायची. रुमाल पडला, निघाला. आई हसत होती. मागच्या भिंतीवरचं घड्याळ गेलं होतं.

"घड्याळ!" सगळे ओरडले.

"इतक्या उंचावरचं?" वहिनी म्हणाली. "त्यांना तर दोन पायऱ्या चढवत नाहीत."

"उत्साह गं," दादा म्हणाला.

दुसऱ्या फेरीत रुमाल जरा जास्त वेळ राहिला. निघाला तेव्हा आईच्या मागचं लोखंडी कपाट नव्हतं. भिंतीवर कपाटाएवढा फिकट चौकोन उरला होता. कोणीच ओरडलं नाही. ते कपाट बाबांनी आणलं तेव्हा चार हमाल लागले होते, आणि त्यातल्या एकाची कंबर धरली होती.

"आई, कपाट कुठंय?"

आईचे ओठ हलले. मग तिने मान वळवून पडद्याबाहेरच्या कोणाला तरी हाताने थांबायची खूण केली. त्या बाजूने एक दणकट हात आत आला. हातात दोरी होती.

"बेबे, तिचा आवाज चालू कर!"

"मला नाही करता येत."

"तूच बंद केलास ना?"

"बंद मी करू शकते. चालू तिलाच करावा लागतो. मी फक्त विनंती पाठवू शकते."

"घरात माणूस शिरलाय दोरी घेऊन, आणि तू विनंती पाठव!"

विनंती गेली. आईने कपाळ पडदाभर होईल इतकं जवळ आणून ती वाचली आणि विचारपूर्वक काहीतरी दाबलं. तिच्या डोक्यावर सशाचे कान उगवले. त्या गुलाबी कानांच्या मागून दोन माणसं काहीतरी लांब, चादरीत गुंडाळून बांधलेलं, खांद्यावर घेऊन दाराकडे गेली. खोलीतले पडदेही आता नव्हते.

"शेजाऱ्यांना फोन कर, दादा!"

"नंबर तुझ्याकडे असेल."

"माझ्याकडे? थोरला तू!"

वहिनीने पोलिसांना फोन लावला, तो तिच्याच शहरातल्या चौकीत लागला. त्यांनी शांतपणे आईचा पत्ता विचारला. घराचा बाजारभाव दादाला तोंडपाठ होता, घराचा नंबर मात्र आठवेना. बेबी रडायला लागली. पडद्यावर आई ससा होऊन बोलतच होती, कोणाला तरी समजावावं तशी, आणि एकेक शब्द काचेच्या पलीकडे विरत होता. मागे एक माणूस थेट तिच्या पाठीशी येऊन उभा राहिला, वाकला आणि त्याचं बोट पडद्यावर आलं.

आणि एकदम आवाज आला. रिकाम्या खोलीत घुमतो तसा.

"...येतंय का ऐकू?"

"आई, बाहेर पळ!"

"बाहेरच निघालेय. ही माणसं सामान न्यायला आलीत. घर विकलं मी."

सशाचे कान तेवढे हलत राहिले.

"कधी?" दादाने विचारलं.

"मागच्या महिन्यात. मैत्रिणीच्या समोर तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्यात. जिन्याची कटकट नाही."

"आम्हाला न विचारता? न सांगता?"

"दर रविवारी सांगायला घेत होते रे. तुमची पार्टी असायची. आणि वस्तू तर तुम्हीच ओळखत होतात पटापट. मला वाटलं, आलं लक्षात."

"आई, आम्हीसुद्धा आज तुला..." बेबीने सुरुवात केली आणि कॉल तुटला.

दादाने पुन्हा पुन्हा फोन लावला. वहिनी म्हणाली, दुखावल्या असतील. बेबी म्हणाली, आता ती कधीच बोलणार नाही आपल्याशी.

आईचा फोन एका स्टुलावर उभा केलेला होता, आणि टेम्पोत चढवायचं तेवढं ते स्टूलच राहिलं होतं.