मोजणीसाठी राखलेलं वावर

एनेलेसीने दाखवलेल्या वावरात पिकाच्या मोजणीला आलेल्या तियामिकेने चार खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि आतली मक्याची कणसं मोडायला घेतली. सकाळपासूनचं हे अकरावं घर. कंबरेचा पार काटा ढिला झाला होता, आणि कणसं बघावीत तर निम्मी पोचट.

नदीपलीकडच्या गावात एक संस्था तीन वर्षं शेती शिकवत होती. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा या गावाचं नाव निघालं नाही, म्हणून इथे नुसती मोजणी. दोन्हीकडच्या मक्यात फरक दिसला तर पलीकडची मास्तरीण राहणार, नाहीतर गाशा गुंडाळणार.

“एका जागी किती दाणे टाकता, काकू?”

“पडतील तेवढे.”

“पालापाचोळा पसरता?”

“जाळतो. आम्हाला काय कळतंय त्यातलं?”

तियामिकेने लिहून घेतलं. वजनकाटा टांगायला फांदी हवी म्हणून ती घरामागच्या आंब्याकडे गेली आणि तिथेच थांबली. समोर डोक्यावर गेलेला मका. सरळ ओळी, एका जागी एकच ताट, बुडाशी पाचोळ्याचा जाड थर.

“हा कुणाचा?”

एनेलेसी मागोमाग आली होती. तिने कमरेला नेसलेल्या चितेंगेचं, त्या रंगीत कापडाचं, टोक बोटाला गुंडाळलं.

“माझाच. वहिनी पलीकडे शिकते. रविवारी चर्च सुटलं की आम्हा बायकांना शिकवते.”

“मग पुढचं वावर?”

“ते तुमच्यासाठी राखलंय. घरटी एक. तुम्ही आमचा चांगला मका मोजलात तर मास्तरणीला घालवतील. मग वहिनी कुणाकडून शिकणार, आणि आम्ही तरी?”

“तीन वर्षं असंच?”

“तीन वर्षं. तेवढ्यापायी फेब्रुवारीत, नवा मका हाती यायच्या आधी, पोरं पातळ पेजेवर काढतात. काढतात बिचारी.”

असं काही दिसलं तर कळवायचं, हा नियम तियामिकेला पाठ होता. तिला राग आला, पण कुणाचा ते ठरवण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. तिने पोतं टांगलं. पावणेतीन किलो. तेवढंच लिहिलं.

एनेलेसीने मान लांबवून कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

“पोरी, पलीकडे इतका वाईट मका कुणाचाच नसेल ना?”

“नाही, काकू. कुणाचाच नाही.”

एनेलेसीच्या जिवात जीव आला.