शपथेचं पाणी

देवळाच्या पूर्वेच्या दारात दोन दगडी द्वारपाल आहेत. त्यातल्या डावीकडच्याला मुंडकं नाही. बुनथान गाइड पाहुण्यांना तिथं उभं करून घसा खाकरायचा. "हे मुंडकं राखणदारानंच विकलं. न्हेम त्याचं नाव. वर न्याक-तापुढं खोटी शपथ घेतली मेल्यानं. आठव्या दिवशी तापानं खलास!"

हे तो सांगायचा नेमकं याय सारुनच्या शेवयांच्या टोपल्यांसमोर. याय म्हणजे आजी. ही न्हेमची विधवा. एकोणीस वर्षं ती ऐकत होती आणि माशाचा रस्सा ढवळत होती. गावदेव न्याक-तापुढं शपथ घेऊन आठ दिवसांत जो अंथरूण धरेल तो खोटा, असा गावाचा कायदा. न्हेमला चावला होता डास, पण डासाची साक्ष काढणार कोण? दुसरा राखणदार तेव्हा बुनथानच होता. न्हेमच्या सातव्या दिवसाचा विधी आटोपतो न आटोपतो तोच बुनथानच्या घरावर नवी कौलं चढली.

यंदा नववर्षाच्या सुटीत नोम पेन्हहून बस आली. तीतल्या एका ठसकेबाज बाईनं विचारलं, "आणि दादा, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मी? मी... सासुरवाडीला. सासूबाईंनी बोलावलं होतं."

"याची सासू याच्या लग्नाआधीच गेली, पोरी," टोपलीमागून याय म्हणाली. "भुतानं केला असेल पाहुणचार."

सगळी बस खिदळली. बुनथान पेटला. "म्हातारे, थोबाड आवर! चोराची बायको तू!"

"मग घे शपथ. न्याक-ता काही लांब नाही. मीही घेते. माझा नवरा चोर असेल तर मी आडवी होईन."

चाळीस माणसांसमोर मागं कसा सरणार? वरात निघाली झाडाखालच्या न्याक-ताकडे. शपथेनंतर तिथल्या मडक्यातलं पाणी प्यायचं असतं. एरवी त्याला कुणी हात लावत नाही. ते बदलायचं काम याय सारुनचं. दर नववर्षाला ती त्यात जमालगोटा भिजत घालायची आणि सण सरला की ओतून द्यायची. असं एकोणीस वर्षं.

बुनथानही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "पाणी हिनं भरलंय. आधी हिला पाजा."

याय गटागटा प्यायली. ओठ पुसून म्हणाली, "गोड आहे हो!" मग तोही प्यायला.

याय आपल्या पायरीवर येऊन बसली. पोटात ढोल आधी तिच्याच वाजले. पण उठली असती तर न्हेम दुसऱ्यांदा चोर ठरला असता. तिनं दात आवळले, मांड्या आवळल्या आणि हसत गिऱ्हाइकाला विचारलं, "तिखट घालू का गं आणखी?" तिच्याखालची पायरी दोन बोटं खचली. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, खळगा अजून आहे.

तिकडे बुनथान भिंतीवरचं समुद्रमंथन दाखवत होता. "इकडं देव, इकडं दानव, मधे... मधे..." एवढं बोलून त्यानं झुडपाकडे धूम ठोकली. परत आला. पुन्हा धावला. चौथ्या खेपेला निम्मं गाव जमलं. "न्याक-तानं आठ दिवस कुठले, आठ घटकाही नाही घेतल्या!" कुणीतरी ओरडलं.

सहाव्या खेपेनंतर तो रांगतच न्याक-तापुढं आला. "न्याक-ता आजोबा, सोडा मला! मुंडकं मी विकलं! न्हेमनं मला पाहिलं होतं, म्हणून त्याच्यावर ढकललं!" मग तो यायच्या पायाशी लोळला. "याय, तू सांग आजोबांना. कोंबडी वाहतो, दारू वाहतो."

"कोंबडीनं न्हेम उठतो का रे, लेका? उद्यापासून येईल त्या बसला हेच सांगायचं. इथंच, माझ्यासमोर, तुझ्या नावानं. एक दिवस चुकलास की न्याक-ता आहे आणि तू आहेस."

"किती दिवस?"

"मी मरेपर्यंत. आणि मला आता मरायची अजिबात घाई नाही."

त्यानं सगळ्यांसमोर हात जोडून कबूल केलं, तेव्हा कुठं याय उठली. लुंगी सावरली आणि झुडपाकडे गेली. चालत गेली, एकेक पाऊल मोजून. बुनथान बघत होता ना!