कपाटावरची हवा

केशवराव झोपेत रोज थोडे थोडे मरायचे आणि प्रेमलता त्यांना रोज जिवंत करायची. त्यांचं घोरणं म्हणजे गल्लीची फुकटची करमणूक होती. पण मध्येच ते बंद पडायचं, त्याबरोबर श्वासही बंद पडायचा, आणि शेजारी जागी असलेली प्रेमलता खांदा धरून गदागदा हलवायची तेव्हा कुठे हा माणूस हबकून हवा ओढायचा. सकाळी दोघंही जांभया देत उठायचे. ते तहसिलीत फायलीवर मान टाकून झोपेचा हिशेब चुकता करायचे; हिला ती सोय नव्हती. सहा वर्षं बाईनं एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती.

आणि आता सौसरहून इंदूचा निरोप आला होता. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, पांढुर्ण्यातच झालं होतं. या खेपेला नवऱ्याचं दुकान आणि शाळेत जाणारं पोर सोडून तिला येता येत नव्हतं, आणि सासू तर तिला नव्हतीच. "आई, तूच ये," एवढंच तिचं म्हणणं. लेकीकडे जावं तर नवऱ्याला रात्री कोण हलवणार? न जावं तर त्या पोरीनं कुणाकडे पाहायचं? विचार करायचीसुद्धा प्रेमलतामध्ये ताकद उरली नव्हती.

उपाय घरात येऊन पडला होता, हेच तर दुखणं. केशवरावांचा धाकटा भाऊ वसंत ऑस्ट्रेलियात डॉक्टर. दिवाळीत आला, एक रात्र भावाच्या खोलीत झोपला आणि घाबरून उठून बसला. नागपूरला तपासण्या केल्या, आणि होळीच्या सुमारास नाकावाटे दाबानं हवा सोडणारं मशीन ओळखीच्या माणसासोबत पाठवलं. नाकावर रबरी मुखवटा, त्याला लांब नळी. लावलं की घोरणं गप्प, श्वास सुरळीत. घरात आनंदीआनंद झाला. तो चैत्रापर्यंत टिकला.

ऊन तापलं तसं केशवरावांचं नाक आतून सुकायला लागलं. चरचर, खपल्या, शिंकरलं की रक्त. प्रेमलतानं नाकात तूप सोडलं, तर वसंतनं ट्रंककॉलवर वहिनीला झाडलं, "तूपबीप काही टाकू नका, रबर खराब होते अन् छातीतही जाते." मग उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याचे थेंब सुरू झाले. घटकाभर बरं वाटायचं. मग मुखवटा भिरकावला जायचा.

"आग होऊन राहिली नाकात! मले नाई पायजे हे लचांड."

"अहो, इंदूकडे जाऊ देता का मले?"

"जा ना. मी काही लहान पोट्टा हाओ का?"

लहान पोर परवडलं असतं, ते निदान श्वास तरी घेतं.

एका दुपारी ती स्टुलावर चढून मशीन पुसायला गेली. परदेशी वस्तू म्हणून केशवरावांनी ते लोखंडी कपाटावर, टिनाच्या छपराच्या अगदी खाली मांडलं होतं. पाहुण्याला दारातूनच दिसावं! पुसता पुसता तिचा घसा कोरडा पडला, ओठ चिकटले, नाकात झोंबायला लागलं. वरची हवा निव्वळ भट्टीची होती. फडकं हातात तसंच राहिलं. मशीन काही हवा तयार करत नव्हतं. आसपासची ओढून नाकात सोडत होतं. ही हवा रोज त्या माणसाच्या नाकात!

तिनं मशीन उतरवलं आणि कुलरच्या गार ओलसर वाऱ्यात, पण थेंब उडणार नाहीत इतक्या अंतरावर, पाटावर ठेवलं.

"खाली काहून ठेवलं व? शोभा गेली ना सारी!"

"शोभा राहू द्या. नाक सांभाळा."

पहिल्याच रात्री मुखवटा पहाटेपर्यंत टिकला. मिठाचं पाणी चालूच होतं. हळूहळू रक्त थांबलं, खपल्या गेल्या, आणि केशवराव तहसिलीत जागे असतात अशी तक्रार चहावाल्यानं केली. लाईट गेली तर काय, ही तिची शेवटची धास्ती. तीही गेली, कारण एका रात्री लाईट गेलीच, आणि हवा थांबताच मुखवट्यात गुदमरून ते आपले आपण उठले, शिव्या देत.

रविवारी दुपारच्या गाडीनं ती निघाली. "मले उठव, स्टँडवर येतो," असं बजावून केशवराव मुखवटा लावून आडवे झाले होते. पिशवी घेऊन ती खाटेशी आली. छाती संथ वरखाली होत होती. सवयीनं तिचा हात त्यांच्या खांद्याकडे गेला, आणि तिनं तो मागे घेतला. माझ्यावाचूनही याचं चालतं, असं मनात येऊन तिला जरा रागच आला. दार हळूच ओढून घेत ती बाहेर पडली.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडली आणि तिला एकदम रडू फुटलं, आवरता आवरेना. शेजारच्या म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"कोन गेलं व बाई?"

"कोनी नाई गेलं," प्रेमलता म्हणाली. "झोप येऊन राहिली."