दादाची अकरा मिनिटं

गुन्हा कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. फक्त जरा उशीर झाला, बेचाळीस वर्षांचा.

माझा मोठा भाऊ तरुणपणी एका प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमध्ये ऑर्गन वाजवायचा. चौघांचा बँड, एकच रेकॉर्ड, आणि तिच्या एका अख्ख्या बाजूवर एकच गाणं. त्या गाण्याच्या मधोमध दादाचं एकट्याचं अकरा मिनिटांचं वादन. त्याचा सराव तो दोन वर्षं घरात करत होता आणि शेजारच्या खोलीत मी परीक्षेचा अभ्यास. गणितात मी दोनदा आपटले ती या अकरा मिनिटांपायी, असं माझं आजही स्पष्ट मत आहे.

रेकॉर्डच्या तीनशे प्रती निघाल्या आणि काढणारी कंपनी बुडाली. मी तेव्हा कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात कामाला होते. दहाबारा वेडे ती रेकॉर्ड कॅसेटवर मागायला आले, तेव्हा भरायला मीच बसले. दादाचं वादन सुरू झालं आणि माझं बोट कॅसेट थांबवणाऱ्या पॉजच्या बटणावर गेलं. वादन संपल्यावरच ते उचललं. त्या दिवशी मला शांत झोप लागली.

पुढे रेकॉर्डी कुठे गेल्या देव जाणे. उरल्या त्या माझ्या कॅसेटी, त्यांच्या नकला आणि नकलांच्या नकला. गाणं इंटरनेटवर चढलं तेही तसंच, अकरा मिनिटं गिळून. जाणकार लिहायला लागले की हळुवार सुरावटीवरून थेट ड्रमच्या गडगडाटात मारलेली ती उडी म्हणजे त्या काळातलं मोठं धाडस. दादा मात्र घरातल्या प्रत्येक कार्यात विषय काढायचा. "कुठल्या गाढवानं कापलं कोण जाणे," तो म्हणायचा, आणि मी खाली मान घालून सगळ्यांना चहा द्यायची.

गेल्या महिन्यात एका नव्या कंपनीनं ती रेकॉर्ड पुन्हा काढायचं ठरवलं. मूळ टेप दादाच्या माळ्यावर निघाली. करारावरच्या त्याच्या सहीसाठी मी सोबत गेले, ती सगळं ओकून टाकायचं ठरवूनच. दादा चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. ते वादन लोकांनी ऐकायची ही शेवटची संधी होती.

कंपनीच्या बाई म्हणाल्या, "एकच प्रश्न आहे. लोकांना कापलेलं गाणं पाठ आहे. ती बँडची इच्छा असेल तर तसंच ठेवू. कुणी परस्पर कापलं असेल तर पूर्ण काढू. कापायचं कुणी ठरवलं होतं?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात दादा म्हणाला, "मी."

बाई भारावून गेल्या आणि कागद तयार करायला बसल्या. मी दादाला दंडाला धरून बाहेर पॅसेजमध्ये आणलं.

"ते मी कापलं होतं," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. कॅसेटींवर अक्षर तुझंच होतं."

"मग बेचाळीस वर्षं शिव्या कुणाला घालत होतास?"

"तुलाच. म्हणून तर तू समोर असलीस की घालायचो."

मला हसू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "आणि आज माझं श्रेय लाटलंस?"

"परवा टेप ऐकली," तो म्हणाला. "शुद्ध पोरकटपणा आहे गं. तू आणखी थोडं कापलं असतंस तरी चाललं असतं. लोक ज्याची वाहवा करतात, तेच राहू दे."

तो हसत बोलत होता, पण त्याचा चेहरा पडला होता. मला फार वाईट वाटलं.

"पहिली सहा मिनिटं पोरकट आहेत," मी म्हटलं. "सातव्या मिनिटाला तू डावा हात उचलतोस आणि उजव्या हातानं एकच सूर धरून बसतोस. तिथे मी पुस्तक मिटून ऐकायची. रोज."

"हे कधी बोलली नाहीस."

"तू बोलू कुठे दिलंस?"

तो वळला आणि दार न वाजवताच आत गेला.

"मघाशी मी खोटं बोललो," तो बाईंना म्हणाला. "या माझ्या धाकट्या बहिणीनं कापलं, मला न विचारता. पूर्ण काढा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांची आयुष्यभराची आवडती उडी मी मारली होती, हे त्यांना पचेना. "खरं आहे का हे?"

"खरं आहे," मी म्हटलं, आणि कबुलीची सही कुठे करायची ते विचारलं.