वाट मोडणारी

"हलू नकोस गं मावशी. हललीस की तो अजून आत जातो."

नोएमीने कंगव्याचे दात चायो मावशीच्या पोटरीत रुतलेल्या काट्यांच्या गोळ्याखाली हळूच सरकवले आणि झटका दिला. चोया निवडुंगाचा गोळा उडून फरशीवर पडला. मावशी विव्हळली, पण नोएमीची नजर गोळ्यामागे धावली. चिमट्याने उचलून तिने तो डब्यात टाकला, झाकण दोनदा दाबून पाहिलं आणि मगच ती मावशीच्या पायाकडे वळली.

"पाय माझा आणि काळजी फरशीची," मावशी म्हणाली.

"तेओ रांगतो. सापडेल ते तोंडात घालतो."

"तू पण घालायचीस. माती खाऊन खाऊन वाढलीस. मेलीस का?"

चायो मावशी म्हणजे नोएमीच्या आईची धाकटी बहीण. टेकडीपलीकडच्या नव्या वसाहतीत ती घरं साफ करायची. बस तिला टेकडीच्या अलीकडे सोडायची. तिथून वसाहतीला जाणारा डांबरी रस्ता सबंध टेकडीला वळसा घालून जातो, त्याला चालणाऱ्यांसाठी कडा नाही, आणि खडीचे ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. मावशी त्याच रस्त्याने जाते, असं नोएमी इतके दिवस समजत होती.

"रस्त्याने कोण जातंय मरायला?" मावशी म्हणाली. "आम्ही रानातून जातो, टेकडीच्या खांद्यावरून. मी, दोघी अजून, आणि तो बागेचं काम करणारा एउसेबिओ. मळलेली वाट आहे. पण महिनाभर झाला, कुणीतरी ती बुजवतंय. वाळक्या फांद्या अशा रोवून ठेवतात की जशा काही तिथंच उगवल्यात. मध्ये चोयाचे गोळे. अर्धा वेळ वाट शोधण्यात जातो. बाई म्हणाली, आता एकदा जरी उशीर झाला तर येऊच नकोस."

नोएमीचा कंगवा थांबला.

"त्या बंगलेवाल्यांचंच काम," मावशी पुढे म्हणाली. "घर लख्ख हवं, पण लख्ख करणारी बाई दारातून येताना दिसायला नको."

"मावशी, ते काटे मी लावलेत."

मावशीने आधी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे.

"शनिवारी जाते ना मी, रान राखायला," नोएमी म्हणाली. "आडवाटा मोडायचं काम असतं. पोरं सायकली घालतात तिथून, असं आम्हाला वाटत होतं."

"पगार किती देतात?"

"काही नाही. स्वयंसेवक असतो आम्ही."

"म्हणजे फुकट," मावशी म्हणाली. "सख्ख्या मावशीच्या पायात फुकट काटे घालतेस. निदान तासावर तरी घे गं."

आणि ती हसायला लागली. तिचं हसणं थांबेना, तसं नोएमीला रडू आवरेना.

तेओ झाल्यापासून नोएमीला कशाचीही भीती वाटायची. त्याचा श्वास ऐकायला ती झोपेतून उठायची. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकलेली ही मुलगी दुधाच्या बाटल्या उकळताना पुन्हापुन्हा शेगडी तपासायची. शेवटी रूबेनने, तिच्या नवऱ्याने, तिला शनिवारची सकाळ मोकळी करून दिली, आणि ती रान राखणाऱ्यांत गेली. पहारीने खड्डा घ्यायचा, मेलेली फांदी कोपरभर आत रोवायची, वाऱ्याने कलल्यासारखी कलती ठेवायची, माती दाबायची. लांबून पाहिलं की तिथे वाट होती हे डोळ्याला उमगायचंच नाही. तेवढे काही तास तिचे हात कशाला घाबरत नसत. गटाचा प्रमुख हार्लन, पाणीखात्यातून निवृत्त झालेला उंच, वाळका माणूस, नव्या लोकांना तिचं काम दाखवायचा. "हे बघा. मोडावी तर अशी."

पुढच्या शनिवारी तिने सगळ्यांदेखत विषय काढला. टेकडीच्या खांद्यावरची वाट सायकलवाल्यांची नाही, कामाला जाणाऱ्या बायकांची आहे. तेवढी राहू द्या.

हार्लनने टोपी काढून घाम पुसला. तो वाईट माणूस नव्हता. "मी समितीपुढे मांडतो. हिवाळ्यात बैठक आहे."

"तोवर त्यांची कामं जातील."

"नोएमी, वाट मोलकरणीची आणि वाट सायकलवाल्याची असं काही नसतं."

"सायकलवाला मजेला येतो, हार्लन."

"ते तुला कळतं, मला कळतं. मातीला कळत नाही."

ते खरं होतं. इथली माती वरून वाळकी दिसली तरी तिची साय, वरचा पातळ पापुद्रा, जिवंत असते. एक बूट पडला की ती वर्षानुवर्षं पुन्हा धरत नाही. वाटेच्या कडेला, पालो वेर्देच्या झाडाच्या विरळ सावलीत, सग्वारो निवडुंगाचं एक पोर होतं. पुढे सात-आठ माणसांएवढं उंच होणारं हे झाड दहा वर्षांत अंगठ्याएवढं झालेलं. मावशीचा पाय त्याच्यावर पडायला किती वेळ?

घरी येताना ती तेच घोकत राहिली. मातीला कळत नाही. मग मातीला विचारायचंच कशाला?

रविवारी उजाडता उजाडता ती मावशीला टेकडीवर घेऊन आली. जुन्या वाटेवर नाही, खाली कोरड्या ओढ्यात. ओढ्याच्या वाळूत माणसाचे ठसे राहत नाहीत. पावसाळ्यातल्या एका लोंढ्यात सगळी पाटी कोरी होते. ओढा जिथे वळतो तिथून वर खांद्यापर्यंत खडकाची लांबच लांब पाठ उघडी पडली होती.

"इथून चढायचं?" मावशी म्हणाली. "मी काय शेळी आहे?"

"चढून तर बघ."

"तुझ्या त्या मातीचं भलं व्हावं म्हणून माझे गुडघे मोडायचे."

"गुडघे माझ्या हातात नाहीत. मातीचं मी बघते."

जिथे खडकात खंड पडत होता तिथे दोघींनी ओढ्यातले सपाट दगड पहारीने लोटत, ओढत आणून बसवले. मावशी प्रत्येक दगडावर उभी राहून डुलून बघायची आणि नोएमीच्या आईचं नाव घेऊन शिव्या द्यायची. उन्हं अंगावर आली तेव्हा एकसंध वाट झाली होती. मातीला कुठे पायच लागत नव्हता. मग नोएमीने जुनी वाट बुजवायला घेतली, आधीपेक्षा जास्त निगुतीने, आणि मावशीने तिला फांद्या आणून दिल्या.

"आता मी पण फुकटात," मावशी म्हणाली.

आठवडाभर चौघंही वेळेवर कामाला पोचली. शनिवारी हार्लन ओढ्याच्या वळणावर उभा होता. बसवलेल्या दगडांकडे, मग खांद्यावरच्या फांद्यांकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

"अशी फांदी माझ्या गटात एकच माणूस रोवतं," तो म्हणाला.

"हो. मीच."

"इतकं चांगलं काम, आणि ते चोरून."

"चोरून कसलं? दिवसाढवळ्या केलंय. माती कुठे मोडली असेल तर दाखवा."

हार्लन वाकला, दोन-तीन ठिकाणी हात लावून पाहिलं. त्याला काही सापडलं नाही, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला. "प्रश्न मातीचा नाही. परवानगीशिवाय वाट पाडायची नाही, हा नियम आहे. आज एक वाट, उद्या सगळ्या टेकडीची चाळण. तुझे दगड तूच उचल. आपण कुणाला काही बोलायचं नाही."

"नाही उचलणार."

बाकीचे स्वयंसेवक आपापल्या पहारी उचलून पुढे सरकले.

"मग जाकीट ठेवून जा," हार्लन म्हणाला. "सोमवारी मी स्वतः येऊन ही बंद करतो."

नोएमीने हिरवं जाकीट काढलं, खिशातली तेओची टोपी काढून घेतली, घडी घातली आणि त्याच्या हातात दिलं. हातमोजे तिचे स्वतःचे होते, तेही दिले. शनिवारची सकाळ गेली, हे तिला पार्किंगमध्ये पोचल्यावर कळलं.

सोमवारी ती तेओला पोटाशी बांधून बसथांब्यावर आली. रूबेन म्हणाला होता, बाळाला कशाला नेतेस? पण ठेवणार कुणाकडे? त्यालाही कामावर जायचं होतं. बस आली. मावशी उतरली, मागून त्या दोघी, मागून एउसेबिओ.

"ही कशाला आलीय?" मावशीने विचारलं आणि उत्तराला न थांबता ओढ्यात उतरली. थोड्याच वेळात तिचा आवाज खडकावरून येऊ लागला. "एउसेबिओ, दगडावर पाय ठेव. मोकळी जागा दिसली की घुसायची सवय सोड." चौघं एकामागोमाग वर गेली आणि खांद्यापलीकडे उतरली.

हार्लन गाडीपाशी उभा होता. चौघं दिसेनाशी होईपर्यंत त्याने गाडीतल्या फांद्यांना हात लावला नाही. मग पहार काखेत धरून, काटेरी फांद्यांचा भारा दोन्ही हातांवर घेऊन तो ओढ्याच्या वळणावरून खडकावर चढला. पहिल्या दगडावर नोएमी उभी होती.

"ऊन चढेल आता," तो म्हणाला. "बाळाला घेऊन घरी जा."

"पाणी आहे माझ्याकडे."

"नोएमी, मला हे करायला आवडतंय का?"

"मला तरी कुठे आवडतंय?"

तेओ कुरकुरायला लागला. नोएमीने दगडाखाली, दगडामागे काही वळवळत नाही ना ते वाकून नीट पाहिलं, मग त्याच दगडावर बसली, झोळी सैल केली आणि बाळाला पदराआड घ्यावं तसं ओढणीखाली घेतलं. कुरकुर थांबली.

हार्लन घाईने पाठमोरा झाला. भारा खाली ठेवायला त्याला जागा नव्हती. पायाखाली अरुंद खडक, बाकी सगळीकडे ती सायीची माती होती. तो तसाच, हातांवर काटे तोलत, टेकडीकडे पाठ करून उभा राहिला.