विल्मा आणि पुढचं दार

विल्मा क्राउस शुक्रवारी निवृत्त होणार हे मला सोमवारी कळलं, आणि तेही भिंतीवर डकवलेल्या कागदावरून. चौतीस वर्षं ही बाई आमच्या माजी सैनिकांच्या निवासात कपडे धुतेय, त्यातली नऊ वर्षं माझे, आणि तोंडाने सांगायचं काही तिला सुचलं नाही. मी चाकांची खुर्ची रेटत थेट लाँड्रीत गेलो. म्हटलं, दोन वर्षं थांब, डॉक्टरांनी मला तेवढीच दिलीत. हातातली इस्त्री न थांबवता ती म्हणाली, "माझे गुडघे तुझ्या डॉक्टरला विचारून दुखत नाहीत, मर्ल."

आता माझी अडचण सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा उगाच कावतोय. आमच्याकडे माणूस गेला की त्याला मागच्या दाराने गुपचूप काढत नाहीत. पुढच्या दाराने नेतात. अंगावर झेंड्याच्या रंगांची गोधडी घालतात, घंटा वाजते, आणि आम्ही सगळे दोन्ही बाजूंना रांग धरून सॅल्यूट देतो. गाडी नजरेआड होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही. ज्यांची माणसं असतात त्यांची माणसं मागून चालतात. ज्याचं कोणी नाही त्याच्यासोबत विल्मा चालते. आधी त्याचा शर्ट इस्त्री करते, गळ्याचं बटण लावते आणि दारापाशी म्हणते, "चल रे बाबा, दार उघडं आहे." माझं कोणी नाही. बायको एक्याऐंशी साली सोडून गेली, भाऊ मागच्या वर्षी वारला. सगळी भिस्त विल्मावर होती, आणि ही निघाली ॲरिझोनाला बहिणीकडे.

त्यात समारंभाची तऱ्हा तर विचारूच नका. आमची नवी व्यवस्थापक केल्सी, वय बत्तीस, उत्साह दहा जणांचा. तिने ठरवलं की तीन वाजता जेवणाच्या हॉलमध्ये केक कापायचा, विल्माला नाव कोरलेली एक लाकडी सन्मानाची पाटी द्यायची आणि फुगे लावायचे. चौतीस वर्षं आमची घाण धुतली त्याचे फुगे. रहिवाशांच्या बैठकीत मी टेबलावर हात आपटला. तसलीच पाटी गेल्या वर्षी कोल्ड्रिंकच्या मशीनवाल्याला दिली होती. म्हटलं, ही बाई रोज कचऱ्याच्या डब्यांपाशी मागच्या दाराने येते-जाते. शेवटच्या दिवशी तरी तिला पुढच्या दाराने निरोप द्या, सॅल्यूट देऊन, आमच्यातल्या माणसासारखा. अकरा हात वर गेले. अकरा म्हातारे, त्यातले दोघं तर अधिकारी होते, आणि एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही की सॅल्यूट घेत त्या दाराने आजवर फक्त मेलेला माणूस गेलाय. माझ्याही नाही, हे कबूल करतो.

शुक्रवारी तीनला पुढच्या दारापाशी रांग लागली. घंटेचं काम ऑर्विलकडे असतं, नौदलातला माणूस, कामात चोख. त्याने इमानेइतबारे घंटा वाजवली. झालं. स्वयंपाकघरातल्यांनी टोप्या काढल्या. वरच्या मजल्यावरून दोन नर्सा धावत आल्या, कोण गेलं म्हणून विचारत. रांगेतल्या सगळ्यांचे चेहरे सवयीने पडलेले. आणि कुण्या शहाण्याने ती गोधडीसुद्धा आणून ठेवली होती.

विल्मा हात पुसत लाँड्रीतून आली. रांग बघितली, गोधडी बघितली.

"गेलंय कोण?" तिने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मलाच बोलावं लागलं. "तू," मी म्हटलं. "म्हणजे, तुझा मान आहे हा."

केल्सी फुगा धरून रडवेली झाली होती. मला वाटलं, आता ही तडक मागच्या दाराने निघून जाणार, आणि तिला घालवलं आपणच. पण विल्माने गोधडी उचलली, झटकली आणि माझ्या मांडीवर पसरली. मग वाकली, दोन्ही गुडघे कडकड वाजले. माझी कॉलर सरळ केली आणि गळ्याचं बटण लावलं.

"हे काय चाललंय?"

"तुझं आजच उरकून घेते. तिकडून मला यायला जमायचं नाही."

"अगं, मी जिवंत आहे."

"मग गप्प बस. बाकीचे गप्प असायचे."

तिने खुर्ची ढकलायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंना हात कपाळाला गेले. ऑर्विलचा उजवा हात झटका आल्यापासून उठत नाही, तो डाव्याने सॅल्यूट करतो. त्याच्या शेजारी उभा राहून... बसून, मी वीस जणांना तरी निरोप दिलाय. समोरून त्याचा सॅल्यूट कसा दिसतो हे त्या दिवशी कळलं. दारापाशी ती थांबली आणि म्हणाली, "चल रे मर्ल, दार उघडं आहे." तिला सुनवायचं म्हणून आठवडाभर मी केवढं काय काय साठवून ठेवलं होतं. त्याऐवजी रडलो, सरळ सांगतो.

बाहेर आयोवातला नोव्हेंबर, कानातून वारा जात होता. मागे दार आपोआप बंद झालं, आणि केल्सीने त्याच आठवड्यात कुलपाचा नंबर बदललेला, तो आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता. काचेतून आतले सगळे दिसत होते, तसेच सॅल्यूट धरून. गाडी गेल्याशिवाय हात खाली घ्यायचा नाही ना. आज गाडीच नव्हती. विल्माने काच ठोकली, कोणी हलेना. मग या असल्या लोकांत चौतीस वर्षं काढली म्हणत, स्वतःला आणि मला शिव्या घालत, तिने मला सगळ्या इमारतीला वळसा घालून कचऱ्याच्या डब्यांपाशी आणलं आणि तिच्या त्या मागच्या दाराने आत घेतलं. आम्ही आतून पुढच्या दारापाशी आलो तरी ते आमच्याकडे पाठ करून उभेच होते. "केक कापा आता," ती म्हणाली, तेव्हा कुठे हात खाली आले.

पाच वाजता ती गेली, रोजच्याच दाराने. पाटी तेवढी घेऊन गेली.

संध्याकाळी नर्स माझे कपडे बदलायला आली आणि गळ्याचं बटण काढायला लागली. मी तिचा हात धरला. गळा आवळत होता, नाही असं नाही. पण म्हटलं, राहू दे, ते विल्माने लावलंय.