मोठ्या भावाची सही

देवमनचे श्वास मिनिटाला चाळीस पडत होते. प्रणालीने दोनदा मोजून खात्री केली आणि वडिलांच्या खाटेपासून उठून ती बाहेरच्या बाकावर बसलेल्या मोठेबाबांकडे, वडिलांच्या मोठ्या भावाकडे, रामरावांकडे गेली. सगळं त्यांच्या एका सहीवर अडलं होतं.

वडिलांनी तीस वर्षं अकोटच्या कापसाच्या जिनिंगमध्ये रुईची धूळ नाकातोंडात घेतली आणि फुप्फुसं कामातून गेली. गेल्या वर्षी अकोल्यात, जठारपेठेतल्या घरी, त्यांनी वैद्यकीय इच्छापत्र केलं: शुद्ध हरपली तर मला श्वासाच्या मशीनवर ठेवू नका. प्रणालीने मसुदा एमएस्सीचा प्रबंध तपासावा तसा तपासला. ‘माझ्या वतीने निर्णय कोण घेईल’ या रकान्यात मात्र वडिलांनी तिचं नाव घालू दिलं नाही. मोठा भाऊ असताना पोरीचं नाव कसं घालायचं? लग्नपत्रिकेपासून सातबाऱ्यापर्यंत या घरात पहिलं नाव रामरावांचंच. तिने वाद घातला नाही. चूक तिथे झाली.

आता वडील अमरावतीच्या दवाखान्यात बेशुद्ध होते. कायद्याने लागणाऱ्या डॉक्टरांच्या दोन्ही मंडळांनी सुधारणा शक्य नाही असं लिहून दिलं होतं. रामराव मात्र अकोटहून निघतानाच नागपूरला न्यायला अँब्युलन्स सांगून आले होते. इच्छापत्रावरची आपली जुनी सही त्यांना आठवत होती, पण ते म्हणाले, वावराच्या हिश्श्याचं काही असन असं वाटलं. देवमननं कागद पुढं केला, मी सही केली.

दवाखान्यातल्या डॉ. अरीबांनी पुन्हा समजावलं. रामरावांची संमती मिळाली तर घशात श्वासाच्या मशीनची नळी घालणार नाही. नाही मिळाली तर तासाभरात घालावी लागेल.

“म्हंजे मशीन लावू नका, अन् त्याले असाच धापा टाकत ठेवा?” रामराव म्हणाले. “वाचवायचं असन तर वाचवा. नाई तर एक सुई द्या, मोकळा करा. हे मधातलं काय आहे?”

तशी सुई कायद्यात बसत नाही, डॉक्टर म्हणाल्या. उपचार नाकारता येतो, मरण मागता येत नाही.

“कायदा करनाऱ्याचा भाऊ नसन कधी असा पडला.”

शुद्धीत असताना वडिलांनीही प्रणालीला अशाच सुईबद्दल विचारलं होतं, आणि चहा ठेवायला जाते म्हणून ती उठून गेली होती.

धाप कमी करायचं औषध देऊ, असं डॉक्टर सांगत होत्या. रामरावांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. संमतीचा कागद पुतणीपुढे सरकवला.

“तू शिकलेली आहेस पोरी. त्याले तरास होनार नाई, असं लिवून दे. मंग करतो सही.”

खाली अँब्युलन्सवाल्याने हॉर्न वाजवला. एक ओळ लिहिली की काम झालं असतं. प्रणालीने पेन उघडलं, कागदावर टेकवलं आणि उचललं.

“त्रास कमी होईन, मोठेबाबा. होणारच नाई, असं मले नाई लिहिता येत.”

रामरावांनी कागद परत आपल्याकडे ओढला. आपल्या काटेकोरपणापायी बाबांच्या घशात नळी जाणार, असं तिला वाटलं.

“दोन वर्सं सारे म्हनून राहिले, होईन बरा,” रामराव म्हणाले. “मीबी त्याले तेच म्हनत आलो.”

त्यांनी पेन घेतलं, एकेक अक्षर जोडत सही केली आणि अँब्युलन्सवाल्याले जाय म्हना, असं डॉक्टरांनाच सांगितलं.

औषध सुरू झालं. रामराव भावाच्या पायांशी उभे राहिले. अर्ध्या तासाने त्यांनी श्वास मोजणाऱ्या प्रणालीला विचारलं, “आता किती?”

“चौतीस.”

“मोजत राय,” ते म्हणाले, आणि देवमनचा पाय हातात घेऊन बसले.